तुयेन लाम तलाव, दालात (व्हिएतनाम): जाण्याआधी लोक जे जे विचारतात ते सगळं

मी तुयेन लामला दोनदा गेले. पहिल्यांदा पॅकेज टूरने, तेव्हा बसवाल्याने बरोबर चाळीस मिनिटं दिली, तलावाशेजारच्या ट्रुक लाम या बौद्ध मठासमोर फोटो, तलावाकडे वरूनच एक नजर आणि चला परत. मनाला इतकं लागलं की दुसऱ्यांदा आई-बाबांना घेऊन स्वतः गेले आणि अख्खा दिवस तिथेच काढला. तेव्हापासून ओळखीतले, ओळखीच्यांच्या ओळखीतले सगळे तेच तेच प्रश्न पाठवतायत, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. तुयेन लाम म्हणजे दालात शहराच्या मधोमध आहे तोच तलाव ना?

नाही. हा गोंधळ सगळ्यात जास्त होतो. शहराच्या मध्यात आहे तो सुअन हुआंग, तोही माणसानेच बांधलेला, फ्रेंचांच्या काळातला, आणि त्याच्याभोवती रस्ता, कॅफे, हंसाच्या आकाराच्या पॅडल बोटी असं सगळं आहे. तुयेन लाम शहराच्या दक्षिणेला साधारण सहा-सात किलोमीटरवर, पाइनच्या रानात. टॅक्सीवाल्याला नुसतं "लेक" म्हणालात तर तो तुम्हाला सुअन हुआंगलाच सोडेल, म्हणून ॲपमध्ये ट्रुक लाम मठाचा पत्ता टाका, किंवा बोटीच्या धक्क्यावर जायचं असेल तर सरळ धक्क्याचा.

२. तलाव नैसर्गिक आहे की धरणाचा?

धरणाचा. १९८० च्या दशकात तिया नावाच्या ओढ्यावर बांध घातला, उद्देश शेतीचा, खालच्या डुक चोंग भागातल्या शेतांना पाणी द्यायचं म्हणून. पर्यटन नंतर आलं. पाण्याचा पसारा साधारण ३२० हेक्टर, पण एका जागी उभं राहून तो सगळा कधीच दिसत नाही कारण पाणी टेकड्यांच्या मधल्या दऱ्यांमधून हातापायांसारखं आत आत शिरलंय, मध्ये छोटी बेटं आहेत, आणि काही ठिकाणी बुडालेल्या झाडांचे वाळके बुंधे पाण्यातून वर आलेले दिसतात. तुयेन म्हणजे झरा आणि लाम म्हणजे रान, इतकं साधं आणि नेमकं नाव. १९९८ मध्ये त्याला राष्ट्रीय निसर्गस्थळाचा दर्जा मिळाला आणि २०१७ मध्ये राष्ट्रीय पर्यटन क्षेत्राचा.

धरणाचा आहे म्हटल्यावर एक गोष्ट ओघाने आलीच, कोरड्या मोसमाच्या शेवटी पाणी उतरतं आणि काठाची माती उघडी पडते. इंटरनेटवर दिसतात तसे काठोकाठ भरलेल्या पाण्याचे फोटो हवे असतील तर प्र. ६ बघा.

३. व्हिसा लागतो का? आणि तो कुठून काढायचा?

लागतो. भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो, ९० दिवसांपर्यंतचा, एकदाच प्रवेश असेल तर २५ डॉलर आणि अनेकदा ये-जा करायची असेल तर ५० डॉलर. व्हिएतनाम सरकारच्या इमिग्रेशन विभागाच्या अधिकृत साइटवरूनच काढा, पत्त्याच्या शेवटी डॉट गव्ह डॉट व्हीएन आहे ना ते नीट बघा, कारण सर्च केल्यावर हुबेहूब तशाच दिसणाऱ्या एजंटांच्या साइट वरती येतात आणि त्या दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पासपोर्टवर नाव जसं आहे तसंच्या तसं भरा, वडिलांचं नाव मध्ये असेल तर तेही. एका अक्षराची चूक झाली तरी एअरलाइनवाले मुंबईतच थांबवू शकतात. काम तीन-चार दिवसांत होतं म्हणतात पण त्यांच्या सुट्ट्या मध्ये आल्या की लांबतं, दोन-तीन आठवडे हातात ठेवा.

४. मुंबई-पुण्याहून दालातला पोचायचं कसं?

मुंबईहून हो ची मिन्ह सिटीला थेट विमानं आहेत, पाच-साडेपाच तास लागतात. तिथून पुढे दोन रस्ते. एक म्हणजे देशांतर्गत विमान, तासाभरात लिएन खुओंग विमानतळ, तो दालातपासून ३० किलोमीटरवर. या विमानांची वेळापत्रकं बदलत असतात त्यामुळे हॉटेल बुक करण्याआधी विमान पक्कं करा. दुसरा रस्ता स्लीपर बसचा, साधारण ३०० किलोमीटर, सात-आठ तास. बसमध्ये चढताना चपला-बूट काढून पिशवीत घालायचे असतात, मोजे जवळ ठेवा, एसी फार गार असतो.

न्या चांगचा समुद्रकिनाराही करणार असाल तर तिकडून दालात १४० किलोमीटरच्या आत-बाहेर, चार तासांचा घाट. रस्ता अतिशय सुंदर आहे पण वळणं वळणं वळणं, ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी आधीच घ्या, माझ्या आईने घेतली नव्हती आणि तिचा तो सगळा दिवस गेला.

५. तलावाला किती वेळ द्यायचा? आमच्या टूरमध्ये ४५ मिनिटं लिहिलीत.

४५ मिनिटांत तलाव होत नाही हो. मठ धावतपळत होतो, तलाव बसच्या खिडकीतून दिसतो आणि आपण म्हणतो बघितला. मला विचाराल तर एक पूर्ण दिवस द्या, आणि तेवढा नसेल तर सकाळचा अर्धा दिवस, पण सकाळचाच. सातच्या सुमाराला पाण्यावरून धुकं हळूहळू वर सरकत असतं, समोरचा काठ आधी दिसतच नाही आणि मग एकेक पाइन उमटायला लागतो, दूर कुठेतरी एखादी बोट सुरू होते तेवढाच आवाज. माझे बाबा फारसं बोलत नाहीत, ते त्या सकाळी तासभर नुसते बसून होते. दहानंतर बस यायला लागतात आणि जागा तीच पण गोष्ट वेगळी होते.

टूरवाल्यांना आधी सांगितलं तर बरेच जण एक दिवस मोकळा ठेवून देतात, निघायच्या आधी विचारा, तिथे पोचल्यावर नाही.

६. कोणत्या महिन्यात जावं?

दालात दीड हजार मीटर उंचीवर आहे त्यामुळे वर्षभर गारच, दिवसा वीस-पंचवीसच्या घरात. डिसेंबर ते एप्रिल कोरडा मोसम. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बाराला येतो, स्वेटर हवाच, "व्हिएतनाम म्हणजे गरम देश" या समजुतीने नुसते टीशर्ट घेऊन गेलेले आपले लोक मी रात्रीच्या बाजारात कुडकुडत जॅकेट विकत घेताना बघितलेत. मे ते ऑक्टोबर पाऊस, बहुतेक दुपारी धो धो येतो आणि सकाळ मोकळी असते.

भरलेलं पाणी आणि स्वच्छ हवा दोन्ही हवं असेल तर नोव्हेंबर-डिसेंबर. त्याच सुमाराला रस्त्याकडेला पिवळी रानफुलं येतात, सूर्यफुलाच्या जातीतली, तिकडे त्यांना या क्वी म्हणतात. जानेवारी-फेब्रुवारीत गुलाबी चेरीसारखा बहर येतो.

टाळायचं काय, तर तेत म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतं. अख्खा व्हिएतनाम तेव्हा दालातला असतो, खोल्यांचे भाव दुप्पट-तिप्पट आणि बसची तिकिटं मिळत नाहीत. ३० एप्रिल-१ मे आणि २ सप्टेंबरची सुट्टी, तेव्हाही तेच.

७. केबल कारने तलावावर उतरता येतं का?

तलावावर नाही, मठापाशी. शहराच्या दक्षिणेला रॉबिन टेकडी आहे तिथून ती निघते, २००३ पासून चालू आहे, लांबी सव्वादोन किलोमीटरच्या थोडी वर. खाली पाइनचं रान, शेतं, ग्रीनहाऊस, आणि पार शेवटी तलावाचं पाणी चमकतं. हळू जाते, हेलकावे खात नाही, उंचीची भीती असणाऱ्या आईनेही डोळे उघडे ठेवले. उतरलात की मठ लगेच शेजारी, आणि मठातून पायऱ्यांनी रानातून खाली पाण्यापर्यंत जायला दहा-पंधरा मिनिटं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, दुपारी जेवणाच्या वेळेला ती साधारण दोन तास बंद असते, परतीचं तिकीट काढून अकरा वाजता गेलात तर वरती अडकून पडाल. दोन, वारा जोरात असेल किंवा देखभाल चालू असेल तर बंद ठेवतात, त्या सकाळी हॉटेलवाल्याला फोन करायला सांगा. आम्ही जाताना केबल कार आणि येताना टॅक्सी केली, एकेरी तिकीट मिळतं, मला हेच सोयीचं वाटलं.

८. ट्रुक लाम मठात काय बघायचं? कपड्यांचं काही बंधन आहे का?

हा झेन मठ आहे, व्हिएतनामीत थिएन म्हणतात, आपल्या "ध्यान" शब्दाचीच ही वाट, "ध्यान"चं चीनमध्ये जाऊन "छान" झालं, जपानमध्ये "झेन" आणि इथे "थिएन". मठ तसा नवा, १९९३-९४ मध्ये बांधलेला, भिक्खू थिक थान तू यांनी स्थापन केला. पण परंपरा जुनी आहे, तेराव्या शतकात चान न्यान तोंग नावाच्या राजाने मंगोलांना परतवून लावलं आणि मग गादी सोडून डोंगरात जाऊन संन्यास घेतला, त्याने सुरू केलेला हा ट्रुक लाम पंथ, अर्थ बांबूचं बन. आत मुख्य देवळात शाक्यमुनी बुद्ध आहेत, हातात कमळाचं एक फूल धरलेले. बाग इतकी निगुतीने राखलेली आहे की पायवाटेवर पान पडलेलं दिसत नाही.

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. शॉर्ट्स घालून गेलात तर दाराशी गुंडाळायला कापड देतात, पण आपल्या कुर्त्यात-सलवारीत काहीच प्रश्न येत नाही. भिक्खू-भिक्खुणी राहतात आणि ध्यान करतात तो भाग पाहुण्यांना बंद आहे, पाटी असेल तिथे वळा. आणि आवाज, हे मनापासून सांगते, आपले ग्रुप एकमेकांना लांबून हाका मारतात, तिथे ते फार खटकतं. प्रवेश फुकट आहे.

९. आई-वडिलांना गुडघ्याचा त्रास आहे, पायऱ्या किती?

तलावाच्या बाजूने मठात चढलात तर दगडी पायऱ्या आहेत, १४० च्या आसपास. त्या टाळता येतात. केबल कारने या किंवा गाडीने मठाच्या दारापर्यंत, दोन्हीकडून चढ थोडाच. मग पायऱ्या उतरून तलावावर न जाता परत गाडीत बसा आणि धक्क्यावर जा, पाच मिनिटांचं अंतर. आम्ही हेच केलं.

१०. बोट, कयाक, पोहणं? पोहता येत नसेल तर भीती आहे का?

धक्क्यावरून मोटरबोटी मिळतात, पूर्ण बोट ठरवायची असते त्यामुळे चार-पाच जण असाल तर परवडतं, भाव बसण्याआधी आणि किती वेळ, कुठपर्यंत हे सगळं बोलून घ्या. कयाक आणि उभं राहून वल्हवायच्या फळ्या काठावरचे रिसॉर्ट आणि कॅम्पवाले भाड्याने देतात. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि बंद सगळे लावा. पोहू नका. हे धरण आहे, काठ एकदम खोल जातो, खाली बुडालेले बुंधे आहेत (प्र. २), पाणी गार आहे आणि वाचवायला कोणी उभं नसतं. आपल्याकडे धरणांवर दर पावसाळ्यात काय होतं ते माहीत आहे ना, तेच इथे.

दुपारच्या पावसाच्या महिन्यांत बोट सकाळीच करा.

११. जवळपास अजून काय आहे, एका दिवसात बसेल असं?

दोन ठिकाणं नक्की. दातान्ला धबधबा, प्रेन घाटात, शहरापासून पाचेक किलोमीटर. तिथे धबधब्यापर्यंत उतरायला रुळांवरून घसरणारी गाडी आहे, त्याबद्दल प्र. १२. दुसरं म्हणजे तलावाच्या पलीकडच्या अंगाला मातीचा बोगदा, नावाला बोगदा पण वर उघडा, लालसर मातीत कोरलेली लांबच लांब शिल्पं, दालातचं रेल्वे स्टेशन, जुनी चर्चं, बंगले, म्हणजे शहराचा इतिहासच मातीत. तिथे पाण्यातून वर आलेले दोन मोठे चेहरे आहेत, फोटोसाठी सगळे तिथेच रांग लावतात. बघण्यासारखं आहे, पण तलावाचा वेळ कापून जाऊ नका.

आमचा क्रम असा होता: पहाटे टॅक्सीने काठावर, मग गाडीनेच मठ, जेवण, दुपारी मातीचा बोगदा, उतरत्या उन्हात परत तलाव. दातान्ला दुसऱ्या दिवशी. (केबल कार आम्ही वेगळ्या सकाळी केली.)

चालायची आवड असेल तर पिन्हात शिखर, तलावाच्या काठच्या रानातून चढायचं, १,६९१ मीटर. स्थानिक वाटाड्या घ्या, वाटा फुटतात.

१२. दातान्लाची ती रुळावरची गाडी लहान मुलांना आणि ज्येष्ठांना चालेल का?

एकाला किंवा दोघांना बसता येतं, वेग आपल्याच हातात असतो, दांडा पुढे ढकलला की गाडी पळते आणि मागे ओढला की ब्रेक. लहान मूल मोठ्या माणसाच्या पुढ्यात बसतं. दोन मार्ग आहेत, जुना छोटा आणि नवा लांब, नवा साधारण २,४०० मीटरचा. पाठीचा, मानेचा, हृदयाचा त्रास असेल किंवा दिवस गेले असतील तर बसू नका. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा, आपल्या पुढचा मध्येच सेल्फीसाठी थांबतो आणि मागचा येऊन आदळतो, मार बहुतेक असाच बसतो.

१३. स्कूटर भाड्याने घेऊन फिरलो तर? इंटरनॅशनल लायसन्स काढलंय.

इथे बहुतेक जण फसतात. आपल्या आरटीओकडून मिळणारं आंतरराष्ट्रीय परमिट १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असतं आणि व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारातलं परमिट मानतो. म्हणजे ते हातात असूनही कायद्याने तुम्ही विनापरवाना. भाड्याने देणारा काही विचारत नाही, पासपोर्ट घेऊन चावी देतो, पण अपघात झाला तर ट्रॅव्हल इन्शुरन्स हात वर करतो. पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीला परवाना लागत नाही पण ती त्या चढावर दोघांना घेऊन रडतखडत जाते. ग्रॅब या टॅक्सीच्या ॲपवर कार आणि बाइक दोन्ही मिळतात, चौघांच्या कुटुंबाला दिवसभराची गाडी ठरवणं सगळ्यात सोपं.

१४. शाकाहारी जेवण मिळतं का? खरंखुरं?

मिळतं, आणि छान मिळतं. शब्द एकच लक्षात ठेवा, "चाय", म्हणजे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी. ज्या पाटीवर तो शब्द असेल तिथे मांस-मासे तर नाहीतच, फिश सॉसही नाही. चांद्र महिन्याच्या एक आणि पंधरा तारखेला बरेच लोक चाय खातात, त्या दिवशी गर्दी असते. साध्या हॉटेलात मात्र "नो मीट" म्हणून चालत नाही, ते मांस काढून भाजी देतात पण तीत न्वोक माम म्हणजे माशाचा सॉस असतोच. दिसायला हुबेहूब चिकन किंवा कोळंबी असलेलं काही आलं तर घाबरू नका, सोया किंवा कोनजॅक नावाच्या कंदाचं असतं.

दालात भाजीपाल्याचं गाव आहे, त्यामुळे भाज्या ताज्या. स्ट्रॉबेरी इथलीही प्रसिद्ध, महाबळेश्वरची चव तोंडात असेल तर ही जरा आंबट लागेल. ॲव्होकॅडो आइस्क्रीम आणि रात्री गरम सोया दूध नक्की घ्या. कोळशावर भाजलेला तांदळाच्या पापडाचा "पिझ्झा" मिळतो, त्यात अंडं आणि सुकी कोळंबी असते, विचारून घ्या.

१५. आम्ही जैन आहोत, कांदा-लसूण चालत नाही.

प्र. १४ मधल्या चाय हॉटेलांचा इथे मोठा फायदा, बौद्ध परंपरेत कांदा-लसूण वर्ज्य धरतात त्यामुळे बऱ्याच जागी तो मुळातच नसतो. पण गाजर, बटाटा, मुळा आणि मशरूम भरपूर असतं. भाषांतराच्या ॲपमध्ये चालत नाहीत त्या वस्तूंची यादी व्हिएतनामीत करून फोटो काढून ठेवा आणि दाखवा. तलावाच्या काठी चाय हॉटेल शोधत बसू नका, शहरातून डबा घेऊन जा.

१६. पैशांचा हिशेब कसा लावायचा?

तिथलं चलन डोंग, त्याच्या आकड्यातले शेवटचे तीन शून्य काढा आणि उरलेल्याला साडेतीनने गुणा, साधारण रुपये येतात. एक लाख डोंग म्हणजे साडेतीनशेच्या आसपास. २० हजाराची आणि ५ लाखाची नोट दोन्ही निळसर, अंधारात टॅक्सीत देताना शून्य मोजून द्या. बोट आणि छोटे स्टॉल इथे रोख लागते.

१७. गाइड म्हणाला दालात वसवणाऱ्या डॉक्टरचा मुंबईशी संबंध होता. खरं की काय?

खरं आहे. मला स्वतःला हा धागा फार आवडतो. अलेक्झांडर यर्सिन, मूळचा स्वित्झर्लंडचा, पाश्चर संस्थेतला डॉक्टर. जून १८९३ मध्ये तो लांग बियांगच्या पठारावर पोचला, तिथे लाच जमातीची वस्ती होती, दालात नावाचा अर्थच लाच लोकांचा ओढा. त्याच्या सांगण्यावरून पुढे फ्रेंचांनी तिथे थंड हवेचं ठिकाण केलं. वर्षभराने, १८९४ मध्ये, त्याने हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू शोधला, जंतूला त्याचंच नाव आहे. आणि १८९७ मध्ये मुंबईत प्लेगने माणसं मरत होती तेव्हा तो स्वतः तयार केलेलं सीरम घेऊन मुंबईला आला. सीरमने इथे फारसं यश दिलं नाही. त्याच वेळी मुंबईतच हाफकिन लस बनवत होते, परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्यांच्याच नावाची. यर्सिनच्या जागी आलेल्या सिमाँने १८९८ मध्ये प्लेग पिसवांमुळे पसरतो हे दाखवलं. दालातच्या पाइनखाली उभं राहून आजीकडून ऐकलेल्या प्लेगच्या गोष्टी आठवल्या तेव्हा अंगावर काटा आला होता.

१८. तलावाकाठी राहावं की शहरात?

एक रात्र तरी काठावर. प्र. ५ मधली सकाळ हवी असेल तर तोच सोपा उपाय, नाहीतर पहाटे सहाला टॅक्सी पकडा. काठावर मोठे रिसॉर्ट आहेत, लाकडी घरं आहेत, तंबूही आहेत. तंबूत रात्री फार थंडी वाजते आणि पावसाळ्यात ओल लागते, लहान मुलं असतील तर नको. रानात शेकोटी स्वतःहून पेटवू नका, पाइनची सुकी पानं भडकन पेट घेतात.

१९. संध्याकाळी तलावावरून परतायला गाडी मिळत नाही असं ऐकलं.

बरोबर ऐकलंत. मठापाशी दिवसा टॅक्स्या उभ्या असतात पण पाचनंतर कमी होतात, आणि तलावाच्या आतल्या बाजूला, मातीच्या बोगद्याकडे किंवा लांबच्या कॅफेंकडे असाल तर ॲपवर गाडी येता येत नाही, मध्ये मध्ये रेंजही जाते. सकाळी ज्या ड्रायव्हरने सोडलं त्यालाच परतीची वेळ सांगून ठेवा, त्याचा नंबर आणि गाडीचा फोटो घ्या. कॅफेतल्या मुलामुलींना सांगितलं तर तेही फोन करून गाडी बोलावतात. आमच्यासाठी एका मुलीने कॅफे बंद करायची वेळ झालेली असताना वीस मिनिटं दिवा चालू ठेवला, आईला बसायला खुर्ची बाहेर आणून दिली आणि गाडी येईपर्यंत सोबत उभी राहिली.